पिल्लाच्या अंगाचा वास

(कोहिनूर गावाजवळचं माळरान, दिवस कललेला. काचा वर केलेल्या जीपमध्ये सिनेमावाली पल्लवी आणि मेंढपाळ ग्यानबा.)

पल्लवी : हात काढा दारावरून, मामा. खाली उतरायचं नाही.

ग्यानबा : अक्का, पिल्लू एकटंच ओरडायलंय की गवतात.

पल्लवी : ओरडू दे. आई ऐकेल. आत्ताच ठेवून आलात ना?

ग्यानबा : ठिवलं. पण एक सांगायचं ऱ्हायलं.

पल्लवी : आता काय?

ग्यानबा : सकाळी उचललं तवा म्हणलं रानमांजराचं आसंल. भुकेनं तडफडायलं होतं. माझ्या शेळीचं करडू कालच मेलं. मग त्या करडाचं कातडं पिल्लाच्या अंगावर चोळलं, वरून शेळीचं दूध. आमी असंच करताव. शेळी मग परकं लेकरू पाजती.

पल्लवी : म्हणजे त्याला करडाचा वास येतोय?

ग्यानबा : निस्ता करडाचा.

पल्लवी : अहो, चित्त्याची मादी आहे ती! करडं खाते!

ग्यानबा : मला काय ठावं? चित्ता कवाच संपला, पिच्चरात रबराचा दावणार, तुमीच म्हणलात की!

पल्लवी : मलाही तसंच वाटत होतं हो. पिल्लाच्या डोळ्यांखालच्या काळ्या रेघा बघितल्या तेव्हा कळलं.

ग्यानबा : सोडा मला. पटक्यानं पुसून येतो.

पल्लवी : थांबा. गवत हललं.

ग्यानबा : वारं आसंल.

पल्लवी : वारा कुठाय? आली. अगं बाई, खरंच आली.

ग्यानबा : माझ्यानं बघवंना. तुमी सांगा.

पल्लवी : वास घेतेय.

ग्यानबा : कान?

पल्लवी : मागं पाडलेत.

ग्यानबा : मेलं! माझ्या हातानं मेलं लेकरू. हारन वाजवा, अक्का!

पल्लवी : हॉर्न दिला तर टाकून पळेल. परत यायची नाही.

ग्यानबा : का पिच्चर काढायलाव गुमान?

पल्लवी : कॅमेरा पिशवीत आहे, मामा.

ग्यानबा : काय करायलीय?

पल्लवी : तोंड उघडलं.

ग्यानबा : ओरडायचं थांबलं! अक्का, पिल्लू ओरडंना!

पल्लवी : चाटतेय.

ग्यानबा : खरं सांगा. माझी समजूत घालू नका.

पल्लवी : तुमची शपथ. पोट, पाय, सगळं चाटून काढतेय. आता मानेला धरून उचललं.

ग्यानबा : पाय हलायलेत का त्याचं?

पल्लवी : हलतायत. बघा तरी. रडताय काय असे?

ग्यानबा : रडू न्हाई तर काय करू? गाडी चालू करू नका एवढ्यात. लांब जाऊ द्या तिला.