मराठी काढून टाका म्हणे

तुम्ही चहा घ्या, माझं तं डोकं अजून तापून आहे. मी लिनक्ससाठी कॅलेंडरचा एक प्रोग्राम बिल्ड, म्हंजे त्याच्या कोडातून तयार, करून राहिलो होतो, अन् तो दरवेळी चाचणीतच फेल होऊन राहिला होता. शोधलं, तं कारण निघालं भाषा. चाचणीले महिन्याचं नाव इंग्रजीत पाहिजे, अन् आमचा घरचा कॉम्प्युटर मराठीत.

प्रोग्राम लिहिणाऱ्याले मी दुरुस्ती करून पाठवली. त्यानं न पाहताच परत केली. माणूस पुण्याचा, म्हणून सरळ फोन लावला.

"अहो, मराठीत कॉम्प्युटर कोण वापरतं? इंग्रजीत करा, होईल बिल्ड."

"माझी माय वापरते. संत्र्याच्या फवारणीच्या तारखा त्याच्यातच पाहते. तिले इंग्रजी येत नाही."

"कुठून बोलताय?"

"पांढुर्ण्यावरून. मध्य प्रदेश."

"मग हिंदीत करा ना!"

मंग मी भडकलोच. "साहेब, माझी शाळा हिंदीत झाली, कचेरी हिंदीत चालते, तरी घरात मराठी टिकवली आम्ही. अन् तुम्ही पुण्यात बसून ती काढाले सांगता?"

"पाहतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी दुरुस्ती घेतली त्यानं, बिल्डबी झालं. पण खाली शेरा काय लिहावा? "किरकोळ बदल."

किरकोळ म्हणे!