भुऱ्याची हिंचक्यावरची तालीम

कतारगामच्या पशुदवाखान्यात मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या केशरबाईंचे सारे लक्ष शेजारच्या बाकावरील बहीणभावाच्या बोलण्याकडे लागले होते. धम्मरत्नच्या पायाशी त्याचा कुत्रा, भुऱ्या, निवांत पसरला होता.

“रविवारी याला तापीत पॅडलबोर्डवर नेणार आहे, दीप्तीताई. मी उभा राहून वल्हवणार, हा पुढे बसणार.”

“आणि फळी हलली की हा उडी मारणार!”

“छे! महिनाभर घरच्या हिंचक्यावर बसवून सवय केलीय. कितीही झोका दे, जागचा हलत नाही.”

“हिंचक्यावरून कधी पडला?”

“एकदाही नाही!”

“म्हणजे पडल्यावर काय करायचं, ते त्याला ठाऊकच नाही.”

“जाकीट घालणार आहे ना. तरंगेल.”

“तरंगेल रे, पण परत वर कसा चढेल? हिंचक्याखाली लादी असते. नदीत पाय कशावर रोवेल बिचारा?”

केशरबाई नकळत टोपलीसकट त्यांच्याकडे सरकल्या.

“मी उचलेन की. जाकिटाला पाठीवर मूठ आहे.”

“डुगडुगत्या फळीवरून वाकून? हा एवढा दांडगा बोकड?”

“मग नेऊच नको म्हणतेस?”

“ने ना. पण आधी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, पडायची आणि चढायची सवय कर.”

“घाबरेल गं तो.”

“म्हणून पहिल्यांदा तू पड. तुला चढता आलं, की मग त्याची पाळी.”

“आणि मलाच नाही चढता आलं तर?”

“तर भुऱ्या आणि मी काठावर बसून बघू.”