बाबाचं मेडल

हॅलो? … कोन? … माया? अवं माया, तू? … हाव, मी नागसेनच. दुसरं कोन उचलन माहा फोन? … नाई, तब्येत बरी हाय. दोन वर्षानं सख्ख्या बहिनीचा फोन आला, आवाज असाच निंगन ना. … रडत नाई वं मी. तू बोल.

… काय म्हन्ते! काजल? आपली काजल फौजेत लागली? … अवं वा! … हाव हाव, पोरीईले बी घेतात आता, मालूम हाय मले. बाबा असते तर अख्ख्या सुलतानपुरात जिलेबी वाटली असती त्याईनं. … परवाच निघते? इतक्या लवकर?

… आता कुठी हा तुमी? … मेहकर सोडलं? यष्टीत बसून इकडंच येऊन राह्यल्या? … नाई नाई, याच ना. काऊन नाई म्हनीन? घर तुहंच हाय. पन आधी सांगाव ना एखाद्या मानसाले…

… माया, ते बाबा गेल्यावरच्या जलदानाच्या दिवसाचं नको काढू. … नाई, चूक माहीच होती. बाबाचं फौजेतलं मेडल कोनाजवळ राहीन, इतकीशी गोष्ट, अन् म्या साऱ्या पाहुन्याईत तुले परक्या घरची म्हनलं. … हाव, तू बी बोलली, पन म्या आधी, तू मांगून बोलली.

… काय? पुन्हा म्हन. … मेडल माह्याजवळच राहू दे म्हन्ते? … तुले नाई पायजे? … अवं माया… … हं. काजलले एकदा हातात घ्यायचं हाय. जायच्या आधी. … हं.

… अवं ऐक ना. … हो, हो, समजलं, पन ऐक ना माय, मधात बोलू नको. … मेडल नाई हाय.

… हरपलं नाई. चोरी बी नाई. … इकलं म्या. … पुन्याचा एक मानूस हाय, जुने मेडल जमा करते. त्याले. … दिवाळीच्या आधी. … नाई वं, पैशासाठी नाई. पाकीट तसंच पडलं हाय कपाटात, उघडलं बी नाई म्या. … मंग काऊन म्हंजे? रागानं! तुले बी नाई अन् मले बी नाई, भांडनच मिटलं म्हनलं. असा अकलेचा कांदा मी.

… लावला ना त्याले फोन. चारदा लावला. हात जोडले. म्हने पुढं गेलं, आता कोनाजवळ हाय ते सांगता येत नाई. … कसं वळखू येईन, माया? कडेवर बाबाचं नाव होतं ना, बारीक कोरलेलं… आता सांगूनच टाकतो. दाखवाच्या आधी म्या चिच अन् राख लावून घासलं ते. पान्याचा पितळी गुंड घासतो तसं. चकचकीत दिसलं तर बरं, असं वाटलं. त्या मानसानं कपाळाले हात लावला. म्हने जुनं काळसर तसंच ठेवाले पायजे होतं. नाव आधीच पुसट, ते पार गेलं. … एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी घेऊन बापानं तीन जन उचलून आनले, अन् त्या बापाचं, कचरूचं नाव पोरानं चिचेनं धुतलं.

… दे, शिव्या दे. … गाडीत रडू नको, लोकं पाह्यतात. … काजलले मी सांगतो, घरी आल्यावर. … कोनाले देऊन राह्यली फोन? नको, माया, नको देऊ…

… हां, काजल. … जय भीम, बेटा. … हाव, आईनं सांगलं मले. लय खुशी झाली. … येतो ना स्टँडवर घ्याले. … काय? मेडल काढून ठेवू?

… बेटा… ते नाई हाय. मामानं इकलं. … हाव. इकलं. … तुह्या आईसंग भांडन होतं म्हनून.

… काजल? … मामीनं सैपाक मांडला हाय बेटा, तुमी या तर… … कायची घंटी वाजली? गाडी काऊन थांबली? … उतरून राह्यल्या? अवं सुलतानपूर कुठी आलं अजून! तो आपला स्टँड नोहे, बेटा. … बसून राह्य. आईले दे फोन. … काजल, आईले दे… हॅलो? … हॅलो?