आठ फुल्या

"हॅलो? … हो, बोल ताई, पण हळू. शाळेत आहे मी. … नाही गं, पोरीला काही झालेलं नाही. तीच काहीतरी बोलून बसलीय, म्हणून मला बोलावलंय. … काय बोलली ते कुठं लिहिलंय? चार फुल्या मारल्यात चिठ्ठीत. … तू का धापा टाकतेयस?"

वर्गाबाहेरच्या बाकावर ताईशी बोलणाऱ्या धाकटीचा नंबर पाचवा होता. हातात बाईंची चिठ्ठी होती: 'आपली मुलगी वर्गात मला **** म्हणाली. भेटावे.' त्या चार फुल्यांआड काय असेल, याचा हिशेब ती सकाळपासून मांडत होती आणि दर वेळी बेरीज अधिकच वाईट येत होती. त्यात हा थोरलीचा फोन. थोरली रुग्णालयाच्या रक्तपेढीत नोंदी ठेवायची. ती धापा टाकत बोलायला लागली की काहीतरी खरंच बिघडलेलं असायचं, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं.

"बाळंतीण? … किती रक्त गेलं? … ओ निगेटिव्ह. आणि पेढीत? … एकच पिशवी होती, तीही चढतेय. मोठ्या पेढीतून मागव ना. … अडीच तास? डॉक्टर काय म्हणतात? … तासाच्या आत. … बरं. मग रक्तदात्यांची यादी उघड. गट टाकलास की नंबर येतात. … कसला पासवर्ड? … ताई, वहीकाका निवृत्त होऊन आठवडा झाला. तू ती यादी आजवर एकदाही उघडली नाहीस?"

यादीचा प्रोग्रॅम धाकटीनंच नऊ वर्षांपूर्वी पेढीतल्या वहीकाकांना लिहून दिला होता. तिचा पहिलाच. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी शोभेला काही नाही. पासवर्ड टाकताना दाबलेलं प्रत्येक बटण तो वाटेतच पकडायचा आणि पडद्यावर त्याच्या जागी ताऱ्यासारखी एक फुली टाकायचा. पाच वेळा चुकलं की चोवीस तास बंद. त्या पाचाचा तिला त्या काळी भारी अभिमान होता.

"काकांना फोन लाव. … आत? कधी नेलं? … मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही आजचाच मुहूर्त सापडला. काकूंना विचारलंस? … त्यांना कुठून माहीत असणार म्हणा. तू किती वेळा चुकलीस? … दोनदा. म्हणजे तीन उरले. आता हात लावू नकोस. … अगं हो, हो, घाई आहे, कळतंय. ऐक ना. काकांची वही बघ. तो माणूस टाचणी आणली तरी वहीत लिहायचा. … हं. सापडलं? वाच. … 'पासवर्ड', पुढे? … फुल्या? किती? … परत मोज. … आठ."

"नाही, फुल्याच कशा दाबशील? अकलेचे तारे तोडू नकोस. फुली म्हणजे नुसतं झाकण. खरं अक्षर कुणाला दिसू नये म्हणून मी ती वरून टाकते. … अगं मीच लिहिलंय ना ते, मला सांगतेस?"

तिची नजर हातातल्या चिठ्ठीवर गेली. माणूस फुल्या कशासाठी मारतो?

"ताई, शिवी आहे ही. … हसतेस काय, काकांचं तोंड आठव. भला माणूस शिवी लिहायची वेळ आली की काय करतो? … बघ. आठ अक्षरांची, इंग्रजी अक्षरांत. शिपायाला काय हाक मारायचे? … थांब, मोजते. एन, ए, एल, ए, वाय, ए, के, ए. बरोबर आठ. टाक. … ऐकू येत नाही? अगं, नालायका. ना-ला-य-का. … नाही नाही, तुम्हाला नाही म्हटलं, फोनवर आहे. … काय झालं? … चुकीचा."

शेजारच्या गृहस्थांनी आपली पिशवी उचलून मधोमध ठेवली. ही कुणाची आई आहे, आणि तिची मुलगी कशामुळे इथं आली असेल, ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसत होतं. धाकटी उठून खिडकीशी गेली.

"दोन उरले. प्रिंटर अडकला की काय म्हणायचे? … चांडाळा. सी, एच, ए, एन… तेही आठच. टाक. … नऊ फुल्या कशा? बोट दोनदा पडलं असेल. … कुठलं अक्षर दोनदा पडलं ते मी कसं सांगू, दिसतच नाही ना. सगळं पुसून परत टाक. … हो, मीच तसं केलंय. हो, फार हुशार होते मी. आता आठ झाल्या? … एंटर. …"

"परत चुकीचा?"

"एक उरला."

आतून एक पालक बाहेर आला, दुसरा आत गेला. धाकटी बाकापर्यंत आली, बसली नाही, परत खिडकीशी गेली.

"तुझ्या समोर कोण बोलतंय? … तिचा नवरा. किती वेळ लागेल म्हणून विचारतोय? … तू काय सांगितलंस? … काहीच नको सांगूस, थांब. कीबोर्ड जुनाच आहे ना? नऊ वर्षं रोज तोच शब्द मारलाय, बटणं झिजली असतील. नीट बघ, कुठली अक्षरं पुसलीत? … सगळी थोडी थोडी नको सांगू, पार गेलेलं कुठलं? … आकडा? … आठ. आणि? … डावीकडचं शिफ्ट. … दोनच? नक्की दोनच?"

धाकटीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पासवर्ड ठेवायच्या दिवशीही ती अशीच फोनवर होती. 'काका, कमीत कमी आठ हवेत, आणि त्यात फुलीसारखं एखादं चिन्ह हवं.' 'आठ, फुली. लिहून घेतलं,' म्हणून काकांनी फोन ठेवला होता. तिनं एक चिन्ह मागितलं होतं. त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. आणि वहीत त्या माणसानं आयुष्यात कधी काही झाकून लिहिलं नव्हतं.

"ताई. … मघाशी तू काय म्हणालीस? … फुल्याच दाबू का, असं म्हणालीस ना? … दाब. आठच्या बटणावरच असते ती, पुसली गेलीय. शिफ्ट धरून ठेव, सोडू नकोस. … मोठ्यानं मोज. … पाच. सहा. … सात. … आठ. बास. पडद्यावरच्या मोज. … एंटर."

"… ताई? … रडतेस की हसतेस? … उघडलं? … गट टाक, गट टाक. … तीन जण. दुसऱ्या फोनवरून लाव, मी आहे इथं. … उचलत नाही? सोड त्याला, पुढचा. … बाई आहेत? काय म्हणाल्या? … किती लांब? … दहा मिनिटं. येतायत ना नक्की? … चपला शोधतायत. शोधू दे. तिसऱ्यालाही बोलावून ठेव. आणि त्या नवऱ्याला सांग आता, किती वेळ ते."

बाक आता रिकामा झाला होता. शिपायानं दार अर्धं उघडून तिच्याकडे बोट केलं.

"ऐक, पासवर्ड बदलायला हवा. इथं अर्ध्या शाळेला कळलाय. … आज नको, उद्या येते मी. … हो, तारे मीच तोडले. मान्य. … मान्य म्हटलं ना, किती वेळा म्हणवून घेशील? … रात्रपाळीच्या माणसासाठी वहीत लिहून ठेव, पण काकांसारखं नको, परत कुणीतरी शिव्या शोधत बसेल. पावतीवर लिहितात तसं लिही. … हं. अक्षरी, फुल्या आठ फक्त. … ठेवते, मला आत बोलावलंय. … माझ्या चार? त्याही आता अक्षरी मागून घेते."