सहीखालचं टिंब

मेट्रन : ती पिशवी आधी खाली ठेव. महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत.

धाकटी : नऊ दिवस काय, नऊ महिने दिलेस तरी हे कपाट एका दमात रिकामं होणार नाही बाई. बघ काय काय निघतंय. काचेची सिरिंज! सुया घासायचा दगडसुद्धा आहे. आणि ही टोपी बघ, खळ घालून घालून हिचा पुठ्ठा झालाय.

मेट्रन : ती तुझी नाही, माझी आहे. आत बघ, हिरव्या दोऱ्याचा टाका असेल.

धाकटी : अगंबाई, खरंच की! म्हणजे त्या वर्षी तू होस्टेलभर माझ्या नावाने बोंब मारत होतीस ते खरं होतं म्हणायचं.

मेट्रन : मोठ्या सिस्टरांनी मला बिनटोपीची अर्धा तास दारात उभी केली होती. आणि तू समोरून दात काढत होतीस.

धाकटी : तुझीच टोपी घालून!

मेट्रन : हसतेस काय अजून? पस्तीस वर्षांनी चोरी सापडली तरी लाज नाही.

धाकटी : एका खोलीत राहायचो, एका आरशात वेणी घालायचो. तुझं काय नि माझं काय, कुठे कळायचं तेव्हा? संध्याकाळी दोघी मिळून सुया उकळायचो, बोथट झालेल्या ह्या दगडावर घासायचो. तू घासलेली सुई रोग्याला टोचली की तो छताला जायचा.

मेट्रन : आणि तू घासलेली टोचली तर विचारायचा, 'झालं का?' आठवतंय मला. बस जरा. मी कामाला आलेय.

धाकटी : कसलं काम ते कळतंय मला. खाली कपड्यांच्या खोलीत बदलीची चिठ्ठी ना? आण, करते सही. चादरी मोजायच्या, अभ्रे मोजायचे, फाटके बाजूला काढायचे. पोटाला लागेल तेवढं मिळेल.

मेट्रन : आधी ऐकून तर घे.

धाकटी : ऐकायचं काय राहिलंय? नोटीस भिंतीवर लागून तीन आठवडे झाले. ह्या महिन्यापासून पांढऱ्या पट्ट्याच्या सिस्टरांनी सुईला हात लावायचा नाही, आणि महिनाअखेर वॉर्डच सोडायचा. पुढे वॉर्डात फक्त निळा पट्टा. एका वर्षाचा कोर्स केलेल्या आम्ही धाकट्या, पुढची तीन वर्षं केलेल्या तुम्ही थोरल्या. मी पंचावन्न वर्षांची घोडी, तरी धाकटी! आणि ती काल आलेली पोरगी थोरली. कानामागून आली नि तिखट झाली.

मेट्रन : पोरगी वाईट नाही गं.

धाकटी : वाईट कोण म्हणतंय? गुणाची आहे. ताई ताई करत मागे फिरते. तिच्यावर राग धरता येत नाही हीच तर पंचाईत. कुणावर तरी काढता आला असता तर बरं वाटलं असतं.

मेट्रन : माझ्यावर काढ.

धाकटी : तुझ्यावर काढून काढून दमले मी.

मेट्रन : सोमवारी स्टोअरमध्ये रडलीस ना?

धाकटी : कोणी चहाडी केली? ...हो, रडले. खोटं कशाला बोलू? बँडेजच्या खोक्यांवर बसून पोटभर रडले. चादरी मोजण्यात मला कमीपणा वाटत नाही गं. पण माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही. माणसाचा हात हातात घेतला की मला कळतं, कुठे दुखतंय, शीर कुठे पळतेय. चादरीला शीर असते का?

मेट्रन : नसते. नोटिशीचा शेवटचा परिच्छेद वाचलास?

धाकटी : पाठ आहे. सुया नि सलाईन लावण्याचा पाच वर्षांचा लेखी अनुभव दाखवा, एक वर्षाचं जादा शिक्षण घ्या, आणि वॉर्डात राहा. लेखी! लावल्या असतील मी हजारांनी, पण लेखी एक नाही. नियमाने आम्ही आधीही लावायच्याच नव्हत्या ना, फक्त कोणी बघत नव्हतं. हात माझा, सही तुझी. आता कुठल्या तोंडाने अनुभव मागू?

मेट्रन : म्हणूनच मी तीन दिवस जुन्या रजिस्टरांच्या खोलीत होते.

धाकटी : तू? त्या धुळीत? तुला तर पावडरीनेही शिंका येतात.

मेट्रन : अजून शिंकतेय. आपण दोघी एका वॉर्डात होतो ती बारा वर्षं सगळी काढली. सलाईनच्या ओळीपुढे माझीच सही. वाचता वाचता मलाच वाटायला लागलं, काय बाई मी हुशार!

धाकटी : होतीसच. उगाच का तुला थोरल्या कोर्सला पाठवलं?

मेट्रन : परीक्षेत पहिली तू आली होतीस. मी दुसरी.

धाकटी : जाऊ दे ना ते. जागा एक होती आणि माझ्या घरी अर्धांगवायूने पडलेला बाप होता. तीन वर्षं त्याला कुशीवर कोणी वळवलं असतं? तू गेलीस, बरं झालं. दोघींपैकी एकीचं तरी भलं झालं.

मेट्रन : भलं कसलं! निळा पट्टा बांधून आले आणि पहिल्याच दिवशी सुई हातात घेतली तर...

धाकटी : सात नंबरची भाजीवाली! सुई तिच्या हाताजवळ नेलीस आणि डोळे गच्च मिटलेस. म्हटलं, ही आता स्वतःलाच टोचून घेते. म्हणून म्हणाले, 'सरक.'

मेट्रन : तेवढंच म्हणालीस. मी सरकले ती बारा वर्षं सरकलेलीच राहिले. तू लावायचीस, मी शेजारी उभी राहायची आणि सही ठोकायची.

धाकटी : आणि वर घड्याळ मिळवलंस!

मेट्रन : त्या घड्याळाचं नाव काढू नकोस. 'सलाईन लावण्यात सगळ्यात हलका हात' म्हणून भर सभेत दिलं. ह्यांनी हौसेने बैठकीच्या भिंतीवर लावलं. काढावं तर का काढलं ते सांगावं लागेल. मी आजही वेळ बघायला स्वयंपाकघरात जाते.

धाकटी : वेडी आहेस. मला कधी वाईट वाटलं नाही त्याचं. टाळ्या सगळ्यात जोरात मी वाजवल्या होत्या.

मेट्रन : त्याच ऐकू येतात मला. ...बरं, हे बघ. एक रजिस्टर मुद्दाम वर आणलंय. माझ्या सहीखाली डावीकडे हे टिंब कसलं?

धाकटी : कुठे काय? शाई सांडली असेल.

मेट्रन : मलाही तसंच वाटलं. मग बघते तर पानोपानी. फक्त तुझे वडील गेले तेव्हा तू बारा दिवस रजेवर होतीस, त्या बारा दिवसांत टिंब नाही. माझी सहीसुद्धा नाही. ते दिवस मी कोणाकोणाला चहा पाजून सुया लावून घेतल्या ते माझं मला ठाऊक. आता सांग.

धाकटी : ते तुला कळायला नको होतं गं.

मेट्रन : सांग म्हणते ना.

धाकटी : त्या भाजीवालीचा हात दुसऱ्या दिवशी सुजला होता. लक्षात आहे?

मेट्रन : डॉक्टरांनी मला अख्ख्या वॉर्डासमोर झापलं. विसरेन कशी?

धाकटी : तेव्हा मी शेजारच्या खाटेवर चादर बदलत होते. ब्र काढला नाही. तू मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंस, माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाहीस. मला इतकी लाज वाटली स्वतःची! त्या दिवशी ठरवलं, पुन्हा असं झालं तर आपण पुढे व्हायचं. पण पुढे व्हायचं तर आपली कोणती नि दुसऱ्या कुणाची कोणती, हे कळायला नको? म्हणून मी लावली की तुझ्या सहीखाली टिंब द्यायचे. उद्या कोणाचं काही बरंवाईट झालं तर सांगायचं, टिंबवाली माझी आहे, हिला बोलू नका.

मेट्रन : आणि पुन्हा काही झालंच नाही.

धाकटी : झालं नाही, पण सवय पडली.

मेट्रन : काखेत कळसा नि गावाला वळसा! तीन आठवडे लेखी काही नाही म्हणून रडतेस, आणि बारा वर्षांचं लिहून ठेवलंयस स्वतःच्या हाताने.

धाकटी : टिंबाला कोण विचारतंय? टिंब काय, माशीसुद्धा करते.

मेट्रन : म्हणून मी पत्र लिहिलं. ह्या बारा वर्षांत माझ्या सहीखाली जिथे टिंब आहे तिथे हात हिचा होता, मी नुसती उभी होते. रजिस्टरांचे नंबर घातले, खाली माझं नाव घातलं.

धाकटी : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? फाड आधी ते.

मेट्रन : फाडायला माझ्याकडे नाही. सकाळीच वर दिलं.

धाकटी : अगं ए! आठ महिने राहिलेत तुझे! चौकशी लावतील. मेट्रनची खुर्ची काढून घेतील. खोट्या सह्या म्हणतील.

मेट्रन : खोट्याच होत्या ना?

धाकटी : हात दाखवून अवलक्षण! मी मागितलं होतं का तुझ्याकडे?

मेट्रन : नाही मागितलंस. इतक्या वर्षांत काहीच मागितलं नाहीस, त्याचाच तर राग येतो मला. हा घे शिक्षणाचा अर्ज. सगळा भरलाय, फक्त तुझी सही हवी. तू माझ्याहून चार वर्षांनी लहान, अजून पाच वर्षं आहेत तुला.

धाकटी : मी नाही करणार. तुला खाली पाडून मला वर चढायचं नाही. मोजेन चादरी. चादरींनी काय घोडं मारलंय?

मेट्रन : आत्ता तर म्हणालीस, चादरीला शीर नसते.

धाकटी : माझे शब्द मलाच ऐकवू नकोस.

नवी सिस्टर : मॅडम, आत येऊ? ताई, नऊ नंबरचे आजोबा...

धाकटी : काय झालं शिंपीबुवांना?

नवी सिस्टर : सलाईन निघाली. परत लावायला शीरच सापडत नाहीये. दोनदा टोचलं. ते रागावत पण नाहीत हो. उलट म्हणतात, 'पोरी, मी चाळीस वर्षं सुईत दोरा ओवला, घाई केली की नाहीच जात.' मलाच रडू यायला लागलं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत आणि दुसऱ्या सिस्टर जेवायला गेल्यात.

धाकटी : उजव्या हाताला जाऊ नकोस, तो त्यांचा कात्रीचा हात. डावा खाली सोडायला लाव, गरम फडका गुंडाळ. आणि शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची.

नवी सिस्टर : सगळं केलं, ताई. तुम्ही याल का?

धाकटी : मला बंदी आहे. विचार तुझ्या मॅडमना.

मेट्रन : पोरी, तू सरक. हिला जाऊ दे.

धाकटी : आणि नियम?

मेट्रन : मी शेजारी उभी राहते. उभं राहायची मला सवय आहे.

(तिघी नऊ नंबरच्या खाटेकडे जातात. थोड्या वेळाने त्याच खोलीत परत येतात.)

नवी सिस्टर : एका झटक्यात! मी नुसती बघत राहिले. ताईंचे डोळे मिटलेले होते, मॅडम! आजोबांना विचारत होत्या, कोटाची बाही अवघड की कॉलर. ते 'कॉलर' म्हणेपर्यंत सलाईन सुरूसुद्धा.

धाकटी : डोळे मी पण मिटते आणि तुझ्या मॅडम पण मिटायच्या. फरक एवढाच, की मी भीतीने नाही मिटत.

मेट्रन : झालं समाधान?

धाकटी : झालं. खरं सांगू? तीन आठवड्यांनी आज हात हातासारखे वाटले.

नवी सिस्टर : हा आजोबांचा कागद. मॅडम, सही तुमची घेऊ की मी करू?

मेट्रन : दोघींचीही नको. जिने लावली तिची.

नवी सिस्टर : पण ताईंचा पट्टा तर पांढरा...

मेट्रन : माझ्यादेखत लावली, असं मी खाली लिहीन. वर तिचं नाव.

धाकटी : उद्या विचारतील हो.

मेट्रन : विचारू देत. सकाळच्या पत्राला तेवढीच सोबत.

नवी सिस्टर : ताई, तुम्ही पुढच्या महिन्यात खरंच खाली जाणार? मग मी कोणाला बोलवायचं? आज तुम्ही होतात म्हणून. आजोबांना मी तिसऱ्यांदा टोचलं असतं हो.

धाकटी : शिकशील गं. भीती जाते हळूहळू. हिची नाही गेली, पण तुझी जाईल.

मेट्रन : ऐक, मी काही तुझ्यावर उपकार करत नाहीये. मला माझ्या बैठकीत बसून घड्याळ बघायचंय. खुर्ची गेली तर गेली. आठ महिन्यांनी जाणारच होती.

धाकटी : तोंडाने म्हणायला सोपं असतं.

मेट्रन : सोपं नाही. रात्रभर झोपले नाही. पण सकाळी पत्र देऊन जिना उतरले ना, तेव्हा तुझं ते 'सरक' आठवलं, आणि वाटलं, आता मी आपणहून सरकले.

धाकटी : ...दे तो कागद इकडे. पेन? हे नको, ह्याची शाई गळते.

मेट्रन : अगं, टिंब काय देतेस? नाव लिही.

धाकटी : थांब गं. इतकी वर्षं टिंबच दिलंय, नावाला जरा वेळ लागणारच. ...हं. वाचता येतंय का बघ.

मेट्रन : येतंय.

धाकटी : मग पेन हातात आहे तोवर तो अर्जही दे.