परत न आलेले नऊ जण

गुडघ्यांच्या दवाखान्यात नोंदणी करणाऱ्या ताईंची मान फायलीत होती, पण कान समोरच्या बाकड्यावर. तिथे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची शिवणकाम करणारी बायको बसली होती.

"अगं, हा चक्क शोधनिबंध आहे. डॉक्टर म्हणतात त्याच गोळ्या चाळीस जणांना दिल्या. शेवटी एकतीस जणांना तपासलं, तर अठ्ठावीस जणांचे गुडघे सुधारले!"

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"अहो, जन्मभर वजाबाकी शिकवलीत ना? चाळिसातून एकतीस गेले की?"

"नऊ... हां, इथं बारीक अक्षरात आहे. मधेच सोडून गेले."

"का?"

"ते नाही लिहिलेलं. तू ना, उगाच खुसपटं काढतेस!"

"माझ्याकडे परत येणारी प्रत्येक बाई म्हणते, ड्रेस छान बसला. जिचा बिघडला, ती फिरकतच नाही. मग मीही लिहू का निबंध?"

"म्हणजे गोळ्या घेऊच नको?"

"घ्या की. पण आधी त्या नऊ जणांची चौकशी करा. तुमचं पोट बिघडलं की निस्तरायचं मलाच असतं."

हसू दाबत ताईंनी दोघांना आत सोडलं. दार लागता लागता डॉक्टरांचं नेहमीचं वाक्य ऐकू आलं, "बिनधास्त घ्या काका. या गोळ्यांची तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कुणीही परत आलेलं नाही."

आत मास्तरांना जोराचा ठसका लागला.

बाहेर ताईंनी वर्षभरात न फिरकलेल्यांच्या फायली कपाटातून काढल्या आणि फोन जवळ ओढला.