जांभळ्या आठवड्यात पांढरं

नाही हो पाळकसाहेब, विसरले नाही मी — तेवढं तुमच्या कमिटीला ठणकावून सांगा. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, स्टुलावर बसा. साठी बुद्धी नाठी म्हणतात, मला तर सत्तरावं लागलंय, लोक बोलणारच — पण हवा तो रविवार विचारा मला, वेदीवर कुठल्या रंगाचं कापड ते सांगते. आगमनाचे चार रविवार? जांभळं. प्रभूच्या जन्माला पांढरं. उपवासाचे चाळीस दिवस पुन्हा जांभळं, पुनरुत्थानाला पांढरं, पवित्र आत्म्याच्या रविवारी लाल — ते बिचारं एका दिवसाचं, बाकी वर्षभर पेटीत — आणि मग हिरवं, हिरवं, अर्धं वर्ष नुसतं हिरवं. चुकलं काही? एकतीस वर्षं वेदीची कापडं ह्या घरात धुतली जातात, इथंच इस्त्री होतात, आणि दर शनिवारी मी चर्चची किल्ली घेऊन जाते नि वेदीवर घालून येते. तुम्ही तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जात असाल — रागावू नका, जिभेला हाड नाही माझ्या. आणि आता सेक्रेटरींची सून म्हणते, किल्ली माझ्याकडे द्या, आजींना झेपत नाही. कानामागून आली नि तिखट झाली!

थांबा हं. ठोका पडला. एक — म्हणजे पाणी.

आले, आले. चमच्यानं पाजावं लागतं, वेळ लागतो. ह्यांना तुम्ही धडधाकट कधी पाहिलंच नाहीत. टेलर होते, वेदीची चारही कापडं ह्यांच्याच हातची. चार वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली, वाचाही गेली, डावा हात तेवढा शाबूत. त्याच्या एका बोटात मी शिवणकामाची पितळी टोपी घालून ठेवलीय, ती पलंगाच्या दांडीवर वाजवतात. एक ठोका पाणी. दोन ठोके कूस बदल. आणि तीन — तीन म्हणजे 'धरलंय'. काय धरलंय म्हणजे? अहो, तीन मीटरचं कापड, एकट्या बाईला घडी कशी घालता येईल? जमिनीला लागू द्यायचं नाही. मग एक टोक मी ह्यांच्या मुठीत देते, दुसरं घेऊन दारापर्यंत मागं जाते. तिथून मला ह्यांची मूठ दिसत नाही, मध्ये कपाट येतं. तीन ठोके आले की समजायचं, धरलंय, आता ताण दे. अशी आमची संसाराची घडी. हसा, हसा, मीही हसते कधी कधी.

उपवासाच्या दिवसांत पांढरं का घातलं? सांगते ना. जांभळं ओलं होतं. वाळलं नाही, त्या आठवड्यात हवा कशी होती बघितलीत ना — म्हणजे मला काय कळणार हवा! ही खिडकी बघा. हात बाहेर काढला की पलीकडच्या इमारतीची भिंत. तीही उघडायची नाही, ह्यांच्या छातीत सर्दी भरते. उन्हाळा काय नि हिवाळा काय, भिंत तीच. वरच्या मजल्यावरची बाई शनिवारी एक तास ह्यांच्यापाशी बसते — घड्याळबाई म्हणते मी तिला, एकसष्टावं मिनिट बसायची नाही, पण बसते हो, देव तिचं भलं करो — तेवढ्या तासात कापड घेऊन जायचं, घालायचं, यायचं. माझे ऋतू ते तेवढेच. फाटकाजवळचं ते झाड आठवड्यातून एकदा दिसतं मला. पानं गळाली की जांभळं काढायचं, फुटायला लागली की पांढरं जवळ आलं. किल्ली नेलीत तर काय न्याल, कळतंय का तुम्हाला? मग मला कोण सांगणार बाहेर काय चाललंय?

तिकडे काय बघता? हो. तेच जांभळं. वाळलेलं आहे, बरोबर. तेव्हाही वाळलेलंच होतं.

जाऊ द्या ना पाळकसाहेब. विसरले असेन. म्हातारी झाले, लिहा तसं — नाही, तसं लिहिलंत तर किल्ली जाणार. आणि खरं सांगितलं तर... इकडे आड तिकडे विहीर. तुम्हाला चहा ठेवू का? नको? पांढरं आणखी कशाला घालतात, ठाऊक आहे ना तुम्हाला? तुम्हाला नाही तर कोणाला. पेटी समोर ठेवतात तेव्हा. दफनाला.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर आले होते. छाती अशी वाजत होती की जिन्यात ऐकू जावी. म्हणाले, आजची रात्र निघाली तर निघाली, माणसं बोलवून घ्या. माणसं कुठली? मी बसले उशाशी. सकाळी श्वास आणखी लांबला — एक यायचा, मग दुसऱ्याची वाट बघत बसायचं. आणि दहाला घड्याळबाई आली. शनिवार ना! मी म्हटलं, आता गेले नाही तर उद्या माझ्या माणसासमोर जांभळं असेल, एकदा हे गेले की पांढरं घालायला मला कोण सोडणार? आहे तो हाच तास. तर मी पांढरं काढलं नि गेले. जिवंत नवऱ्याला सोडून त्याच्या दफनाचं कापड घालायला गेले हो मी. भराभर गेले. आणि ते झाड — आदल्या शनिवारी नुसत्या काड्या, त्या दिवशी टोकाटोकाला फुटलेलं. मला इतका राग आला. शास्त्रातला तो महापूर ओसरल्यावर देवानं शब्द दिला होता ना, पेरणी-कापणी, थंडी-ऊन थांबायचं नाही म्हणून? म्हटलं, देवा, तुझा शब्द तू पाळतोयस, सगळं फिरतंय, माझ्या खोलीतच तेवढं विसरलास. चार वर्षं एकच ऋतू. आज तरी बदल. हेच मागितलं मी, वेदीवर हात ठेवून, पांढऱ्याच्या सुरकुत्या काढता काढता.

परत आले. घड्याळबाई दारातच, चप्पल घालत होती. आणि आतून ठोका. एक. पाणी.

मला रडू आलं पाळकसाहेब. ती म्हणाली, बघा, देवानं ऐकलं! आनंदाचं वाटलं तिला. आनंदाचं नव्हतं हो ते. माझा तास संपला होता, जांभळं घालायला परत जायचं कसं? तसंच राहिलं. रविवारभर तुम्ही सगळे त्या पांढऱ्यासमोर बसलात नि म्हातारी विसरली म्हणालात, आणि इथं मी ह्यांना पाणी पाजत होते, ह्यांच्या डोळ्यांत बघत नव्हते.

आता काय ते उमजतंय, तुम्ही शिकलेले, चुकलं तर सांगा. कापडं शिवली तेव्हा ह्यांनी हिरव्यालाच दुहेरी शिवण घातली होती. मी म्हटलं, पांढऱ्याला घाला की, सणाचं आहे. तर म्हणाले, सणाचं मिरवतं, झिजतं ते रोजचं. मला वाटायचं, देव पांढऱ्यात भेटेल, एकदाचा, मोठा. मला तो हिरव्यात हवा आहे. अर्धं वर्ष काही घडत नाही त्यात. त्यात तो टिकला तर मीही टिकेन. टिकतो की नाही, हे मला...

ठोके थांबलेत. मघापासून एकही नाही, ऐकलंत? ह्या मधल्या भिंतीला अर्थ नाही, नुसती फळी आहे. कान शाबूत आहेत ह्यांचे. देवा, मी किती मोठ्यानं बोलले?

शू... गप्प.

एक... दोन... तीन.

तुम्ही वेदीवरून काढून पाठवलेलं पांढरं मी रात्रीच धुऊन ह्यांच्या डाव्या कुशीला ठेवलं होतं. टोक नेऊन दिलं नाही मी. कोणी दिलं नाही. ह्यांनीच ओढून घेतलंय.

किल्ली? राहू द्या खिळ्याला. किंवा न्या, तुमचं तुम्ही बघा. पण आत्ता निघा पाळकसाहेब, दार ओढून घ्या — हे टोक धरून बसलेत.